दगडातली बाई कागदावर आणताना: सोलापुरात राहून मूर्तीवरून चित्र शिकायचं असेल तर

मूर्तीवरून चित्र काढायला शिकायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं, हे जमेल. मूर्ती हलत नाही, दमत नाही, "झालं का?" म्हणून विचारत नाही. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे हातही अगदीच कच्चा नव्हता. तरी माझी पहिली दोन वर्षं चुकीच्या वाटेनं गेली. ती तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

रविवारच्या एका वर्गात व्हीनस द मिलो या प्रसिद्ध ग्रीक मूर्तीची गुडघ्याएवढी प्लास्टरची प्रत होती. तीन रविवार बसून मी तिचं चित्र पूर्ण केलं. छायाप्रकाश छान उतरला होता, शेजारच्या मुलींनी कौतुक केलं. सर आले. काही न बोलता त्यांनी पिशवीतून विणकामाची सुई काढली, मूर्तीच्या डोक्याची उंची सुईवर धरली, मग त्याच मापानं कंबर किती रुंद आहे ते मोजलं. तेच माझ्या कागदावर केलं. माझ्या कागदावरची कंबर जवळजवळ बोटभर बारीक होती. मान लांबलेली. पोटाचा जो हलकासा उंचवटा मूर्तीत आहे, तो कुठेच नव्हता.

"आक्का, ह्या बाईचं पोट कुठं गेलं?" सरांनी विचारलं.

ते मी मुद्दाम काढून टाकलं नव्हतं. हातानं आपोआप काढून टाकलं होतं. माझ्या हातात आधीच एक बाई बसलेली होती. कॅलेंडरवरची, सिनेमातली, फोनमधली. समोर कुठलीही मूर्ती ठेवली तरी हात तिलाच काढत होता. पुढं मी जे काही शिकले, ते सगळं या हातातल्या बाईला बाजूला सारून समोरच्या बाईकडे बघायचं कसं, एवढंच आहे. पायऱ्या खाली देते. क्रम सोडू नका.

## १. आधी प्लास्टर, मग दगड, फोटो सगळ्यात शेवटी

उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी देवळात जाऊन बसू नका. आपल्या भागातल्या बहुतेक जुन्या मूर्ती काळ्या बेसाल्टच्या आहेत. तो दगड उजेड गिळतो. वरून शतकानुशतकांचं तेल, काही ठिकाणी शेंदूर, काही ठिकाणी चुन्याचे हात. कडा कुठं संपते आणि सावली कुठं सुरू होते, हेच नवख्याला कळत नाही. पांढऱ्या प्लास्टरवर ते पहिल्या दिवशी कळतं. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं, तिथंही ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टर प्रतींवरून रेखाटन हा शिक्षणाचा पाया होता. जुने कलाशिक्षक अजूनही या अभ्यासाला 'अँटिक' म्हणतात.

पूर्ण मूर्ती मिळाली नाही तर नुसतं डोकं, नाक, ओठ, पाऊल असे सुटे प्लास्टरचे तुकडे कलासाहित्याच्या दुकानातून मागवता येतात. गणपती करणाऱ्या मूर्तिकारांकडे एखादा हात किंवा पाऊल साच्यातून काढून मिळतं का, तेही विचारून बघा.

मात्र पांढऱ्या प्लास्टरची एक खोड आहे. ग्रीक मूर्ती मुळात रंगवलेल्या असत. केस, ओठ, डोळे, वस्त्रांचे काठ, सगळं रंगीत. रंग उडाले, नंतरच्या लोकांना पांढरा संगमरवरच दिसला आणि त्यांनी तोच 'शुद्ध सौंदर्य' म्हणून डोक्यावर घेतला. आपल्याकडे पांढऱ्या प्लास्टरच्या प्रती आल्या त्या याच समजासकट. पंढरपूरच्या सावळ्या विठ्ठल-रखुमाईसमोर हात जोडून वाढलेल्या माझ्यासारखीला सुंदर बाई म्हणजे उजळ बाई असं कधी वाटायला लागलं, हे मी बराच काळ तपासलंच नव्हतं. प्लास्टर वापरा, पण ते फक्त उजेड-सावली शिकण्यासाठी आहे हे लक्षात ठेवा.

फोटोवरून सुरुवात का करू नये, ते पाचव्या पायरीत येईल.

## २. पिशवीत काय हवं

- कार्ट्रिज पेपर, शक्यतो ए-३ आकाराचा, आणि त्याला पेलणारा हलका बोर्ड, दोन क्लिपा
- एचबी, २बी, ४बी, ६बी पेन्सिली. कोळसा म्हणजे चारकोल फक्त घरी आणि वर्गात
- मळता येणारा खोडरबर. तो घासायचा नाही, दाबून उचलायचा
- विणकामाची एक सरळ सुई
- ओळंबा. गवंड्याचा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोऱ्याला नट बांधा
- छोटी सतरंजी, टोपी, पाण्याची बाटली
- ओळखपत्र. विद्यार्थी असाल तर कॉलेजचं पत्र

चारकोलबद्दल आवर्जून सांगते. एका संग्रहालयात मी चारकोल काढून बसले आणि तिथल्या कर्मचाऱ्यानं मला उठवलं. मला राग आला होता, पण त्याचं बरोबर होतं. काळी पूड उडते, फरशीवर पडते, बोटांना लागते आणि तीच बोटं काचेला लागतात. आत पेन्सिलच न्यायची.

## ३. जायचं कुठं आणि विचारायचं कुणाला

सोलापूरकरांचं नशीब चांगलं आहे, पण ते आपल्याला माहीत नसतं. एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरावर दोन हजार वर्षांतल्या बायका उभ्या आहेत.

घराजवळ भुईकोट किल्ला. आत जुन्या मंदिराचे अवशेष आहेत, कोरीव खांब आहेत. पहिले चार-पाच रविवार तिथं बसून नुसते खांब आणि सुटे दगड काढा. स्त्रीमूर्तीकडे वळायच्या आधी बेसाल्टवर नजर बसली पाहिजे. याच सरावासाठी दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हत्तरसंग कुडलही चांगलं. भीमा-सीनेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि तिथल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख. आद्य मराठी शिलालेखांत त्याचं नाव घेतात. शेजारी हरिहरेश्वराच्या मंदिरात बहुमुखी शिवलिंग आहे. त्यावरच्या ओळीनं कोरलेल्या मुखांपैकी एकच मुख निवडून काढा. डोळा, नाक, ओठ यांचं अंतर कसं ठेवलंय ते कळतं.

मग तेर. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे प्राचीन तगर, सातवाहन काळातली व्यापारपेठ. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत आणि एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असणारी मूर्ती थेट इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. पॉम्पेई गाडलं गेलं ते इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे आपल्या भागातल्या कारागिराच्या हातची वळणं त्या काळात समुद्रापार पोचलेली असावीत.

बार्शीच्या पुढं, भूम तालुक्यात माणकेश्वर. सुरसुंदरी, म्हणजे देवळाच्या भिंतींवर कोरलेल्या देखण्या बायका, बघायच्या तर हे देऊळ. बाहेरच्या भिंतींवर एकेक बाई आपापल्या कामात दंग. कुणी आरशात बघतेय, कुणी पायातला काटा काढतेय. सुरसुंदरींना नावंही त्यांच्या कामावरून आहेत. आरसा धरणारी दर्पणा, पत्र लिहिणारी पत्रलेखा, आळस देणारी अलसकन्या, फांदी धरून उभी शालभंजिका, पोपटाशी बोलणारी शुकसारिका. चित्र काढताना वहीत नाव लिहा, म्हणजे तीच मुद्रा दुसऱ्या देवळात भेटली की ओळख पटते.

दोन-तीन दिवस काढता येत असतील तर कर्नाटकातलं बदामी. सोलापूर-विजयपूर-बागलकोट मार्गावरची गाडी थेट बदामीला नेते. तिथं तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८चा लेख आहे. वर्ष पक्कं माहीत असलेली शिल्पं मिळणं ही मोठी सोय असते. दुसऱ्या कुठल्याही मूर्तीच्या काळाचा अंदाज बांधताना तुम्हाला एक खुंटी मिळते.

परवानगीचं असं. पुरातत्त्व खात्याच्या जागी बसून पेन्सिलनं चित्र काढायला मला आजवर कुणी अडवलेलं नाही. ट्रायपॉडला मात्र वेगळी परवानगी लागते, ती आधी काढा. शिल्पावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यायचा, हे कधीही करू नका. परवानगीशिवाय ते चालत नाही, आणि दगड झिजतो. संग्रहालयांच्या सुट्टीचा वार निघण्याआधी फोन करून विचारा, मी एकदा कुलूप बघून परत आले आहे. पूजेतल्या देवळात आधी गुरवांना भेटायचं. "बाहेरच्या भिंतीवरची चित्रं काढते, गाभाऱ्यातलं नाही," एवढं सांगितलं की बहुधा सतरंजी पसरायला सावलीतली जागा तेच दाखवतात. गाभाऱ्यातल्या मूर्तीचं चित्र विचारल्याशिवाय काढू नका. तिथं ती देवी आहे, अभ्यासाची वस्तू नव्हे.

## ४. उजेडाची वेळ

सकाळी आठ ते दहा आणि दुपारी चारनंतर. तेव्हा ऊन तिरकं येतं, दगडाला घासून जातं, आणि झिजलेली रेघसुद्धा उठून दिसते. बारा वाजता तीच मूर्ती सपाट होते. उत्तरेकडच्या भिंतीवर हिवाळ्यात थेट ऊन येतच नाही, तिथली शिल्पं उन्हाळ्यात सकाळी गाठा. फक्त आपला चैत्र-वैशाख कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो, दहालाच उठायचं.

## ५. पहिली रेघ नव्हे, पहिलं माप

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं जरा थांबते.

मूर्तीच्या उंचीच्या किमान तिप्पट अंतरावर बसा. जवळ बसलात तर मांड्या अंगावर येतात आणि डोकं लहान होतं. फोनचा कॅमेरा हेच करतो. त्याची काच रुंद कोनातली असते, आपण जवळ जाऊन खालून फोटो घेतो, आणि भिंतीवर उंच असलेली सुरसुंदरी फोटोत कमरेखाली अवाढव्य दिसते. घरी येऊन त्यावरून चित्र काढलं की वाटतं, जुन्या लोकांना अशाच बायका आवडत असणार. तो कॅमेऱ्याचा दोष असतो. फोटो घ्यायचाच तर मागं सरका आणि झूम करा, आणि तो फक्त दागिन्यांचे तपशील आठवायला ठेवा.

आता सुई. हात पूर्ण सरळ, कोपर ताठ, एक डोळा मिटलेला. सुईचं टोक मूर्तीच्या कपाळावर केस सुरू होतात तिथं, अंगठा हनुवटीवर. हे तुमचं एकक. आता मूर्तीत ते किती वेळा मावतं ते मोजा, आणि मगच कागदाला पेन्सिल लावा. कोपर वाकलं की एकक बदलतं. माझी निम्मी चित्रं त्या वाकलेल्या कोपरानं बिघडवली.

हे एकक मी मनानं ठरवलेलं नाही. आपल्या शिल्पशास्त्रात याला ताल म्हणतात. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचं मुख म्हणजे एक ताल, आणि एक ताल म्हणजे १२ अंगुळं. नवताल मूर्ती १०८ अंगुळांची. तिची वाटणी पाठ करून ठेवा: मुख १२, मान ४, मानेपासून छाती १२, छातीपासून नाभी १२, नाभीपासून जांघ १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, पाऊल ४. बेरीज करून बघा, १०८ भरते. डोक्यावरचे केस आणि मुकुट यात धरलेले नाहीत.

इथं हमखास फसगत होते. पाश्चात्त्य पद्धतीत 'डोकी' मोजतात, म्हणजे टाळूपासून हनुवटीपर्यंत. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लिटसच्या मूर्ती साधारण सात डोक्यांच्या, त्याच्यानंतरच्या लायसिपसनं त्या आठ डोक्यांपर्यंत सडपातळ केल्या. ताल म्हणजे मुख आणि तिकडचं डोकं म्हणजे पूर्ण डोकं, ही दोन वेगळी मापं आहेत. नऊ ताल म्हणजे नऊ डोकी समजून मी एक अख्खी वही भरली, आणि तिच्यातल्या सगळ्या बायका बांबूसारख्या उंच झाल्या.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत मुख १२ अंगुळं लांब आणि १२ रुंद सांगितलं, आणि लगेच पुढं नोंदवलं की नग्नजित हा आधीचा शास्त्रकार मात्र ते १४ अंगुळं लांब सांगतो आणि ते द्राविड माप आहे. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वीही सुंदर चेहऱ्याचं माप एकच नव्हतं. गोल चेहरा बरोबर की लांबट, यावर शास्त्रकारांनी दोन्ही नोंदी ठेवल्या.

माझे वडील, अण्णा, चादरीच्या कारखान्यात नक्षीचे ग्राफ काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत मोर उभा राहायचा, मग त्यावरून मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पत्ते पंच व्हायचे. मला वाटलं, मूर्तीचंही तसंच करावं, फोटोवर चौकटी मारून घराघरानं उतरवावं. अण्णांनीच मला थांबवलं. "ग्राफ मागासाठी असतो," ते म्हणाले, "मागाला डोळे नाहीत. तुला आहेत की." चौकटींनी प्रत हुबेहूब येते, पण डोळा काहीच शिकत नाही. दुसऱ्या दिवशी चौकटीविना बसलं की परत तीच बारीक कंबर.

## ६. भंग पकडा

माप झालं की मूर्तीचा बाक. ताठ उभी ती समभंग, किंचित झुकलेली आभंग, आणि डोकं, धड, पाय अशा तीन ठिकाणी वळलेली त्रिभंग. बाक खूपच असेल तर अतिभंग. सुरसुंदरी बहुतेक त्रिभंगात किंवा त्याच्याही पुढं.

ओळंबा हातात धरून दोरा मूर्तीच्या गळ्याच्या खोबणीवर आणा. खाली तो कुठं येतो बघा. ज्या पायावर भार आहे, त्याच्या घोट्याच्या आसपास आला पाहिजे. तुमच्या चित्रात तो दोन पायांच्या मधोमध आला असेल, तर तुमची बाई पडणार आहे. कागदावर आधी तीनच रेघा काढा: डोळ्यांची, खांद्यांची, नितंबांची. खांदा एकीकडे उतरतो, कंबर दुसरीकडे चढते. बाकी सगळं शरीर या तीन रेघांना टांगलेलं असतं.

ग्रीक मूर्तीतही भार एका पायावर असतो, पण तिथं कातडीखाली हाडं आणि स्नायू जाणवतात. आपल्या मूर्तीत स्नायू शोधायला जाऊ नका. शिल्पकारानं ते मुद्दाम कोरलेले नाहीत. श्वास भरून घेतल्यावर अंग आतून फुगतं, तसं ते शरीर आहे. म्हणून उपमाही निसर्गातल्या: चेहरा अंड्यासारखा, मान शंखासारखी, हात हत्तीच्या सोंडेसारखा, मांडी केळीच्या खोडासारखी, कंबर डमरूसारखी. प्लास्टरवर शिकलेली स्नायूंची सावली मी एकदा अलसकन्येच्या दंडावर उतरवली आणि ती पैलवान दिसायला लागली. इथं सावली हळूहळू, अखंड उतरत जाते. ६बी पेन्सिल आडवी धरा, बोटानं पुसू नका.

बदामीच्या पहिल्या लेण्यात अर्धनारीश्वर आहे. त्याच्यासमोर एक अख्खी सकाळ द्या. एकाच दगडात, एकाच हातानं, डावं अंग बाईचं आणि उजवं पुरुषाचं. नितंबाची कड, खांद्याची रुंदी, वस्त्राची लांबी, केशरचना, प्रत्येक ठिकाणी शिल्पकारानं 'बाई म्हणजे काय' याचं आपलं उत्तर दिलंय आणि शेजारीच तुलनाही ठेवली आहे. मी याचे डावी-उजवीकडचे दोन वेगळे कागद केले आणि मग ते मधोमध जोडले. असा अभ्यास दुसरीकडे मिळणार नाही.

## ७. काळ बदलला की बाई बदलते, ते वहीत दिसू द्या

वहीचे पाच-सहा भाग करा आणि प्रत्येक काळासाठी किमान पाच पानं ठेवा. सगळ्या बायका एकाच उंचीच्या काढा, म्हणजे शेजारी ठेवल्यावर फरक बोलतो.

सातवाहन काळातली बाई भरदार आहे. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवरच्या जोडप्यांत बघा. रुंद नितंब, जाड वाळे, जमिनीवर घट्ट रोवलेली पावलं. ती कुणासाठी नाजूक झालेली नाही. बदामीत सहाव्या शतकात शरीर सैलावतं, तुळयांना आधार देणाऱ्या हस्तांवरची जोडपी एकमेकांवर रेलतात. यादवकाळापर्यंत आलं की पाय लांबतात, बाक धारदार होतो, अंग दागिन्यांनी भरून जातं. यातला काही फरक आवडीनिवडीचा आहे आणि काही दगडाचा. कर्नाटकातल्या बेलूरच्या होयसळ मदनिका, म्हणजे तिथल्या सुरसुंदरी, मऊ दगडातल्या. तो दगड खाणीतून निघताना छिन्नीला सहज वाकतो, म्हणून मोत्याच्या सरातला एकेक मोती सुटा कोरता आला. आपला बेसाल्ट तसा वाकत नाही. आपल्याकडच्या सुरसुंदरीचे दागिने कमी नाजूक दिसले, म्हणून शिल्पकार कमी होता असं लिहू नका.

आता एक जवळून बघायची गोष्ट. सुरसुंदरीची मेखला, म्हणजे कमरपट्टा, जिथं पोटाला टेकतो तिथं थांबा. सुई टेकवल्यासारखी नजर तिथं ठेवा. पट्ट्याच्या वर पोट किंचित ओसंडलेलं असतं. नाभीच्या वर त्वचेच्या आडव्या वळ्या असतात. त्यांना त्रिवली म्हणतात आणि संस्कृत कवींनी त्यांचं सौंदर्य म्हणून वर्णन केलंय. आज आपण फोटोतून जे पुसून टाकतो, ते त्या शिल्पकारानं लोखंडासारख्या दगडात मेहनतीनं कोरलं. त्या तीन वळ्या मी पहिल्यांदा नीट काढल्या तेव्हा माझा हात दोनदा खोडरबराकडे गेला. तिसऱ्यांदा मी खोडरबर सतरंजीखाली ठेवला.

बदामीच्या संग्रहालयात लज्जागौरी आहे. चेहऱ्याच्या जागी कमळ, आणि प्रसूतीच्या आसनातलं शरीर. तिथं सौंदर्याचा प्रश्नच वेगळा आहे. तिच्यासमोर अवघडल्यासारखं झालं तर थोडं थांबा, पण वहीत तिला जागा द्या. तिच्याशिवाय हा अभ्यास अर्धा राहतो.

शेवटचा भाग आपल्या जवळच्या काळाचा. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीची एक ठरावीक गोरी, गोल चेहऱ्याची, साडीतली छबी घराघरात गेली. १८९६ मध्ये गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थीदशेतच 'मंदिरपथगामिनी' घडवली. देवळाकडे निघालेली नऊवारीतली मराठी बाई, प्लास्टरमध्ये. तिच्या लुगड्याच्या चुण्यांत ग्रीक मूर्तींचा अभ्यास दिसतो, पण चाल आपल्या आईची, मावशीची आहे. अलिबागजवळ सासवण्याला विनायकराव करमरकरांच्या घरातल्या संग्रहालयात कामकरी बायकांची शिल्पं आहेत, कोकणात गेलात तर चुकवू नका.

एक सावधगिरी. 'पूर्वी भरदार बायका आवडायच्या, आता बारीक आवडतात' असा सरळ हिशेब करू नका, मीही केला होता. मूर्ती म्हणजे त्या काळच्या बाईचा फोटो नव्हे. तोही एक आदर्शच, कुणीतरी ठरवलेला, बहुतेक वेळा पुरुष शिल्पकारानं आणि त्याच्या धन्यानं. कालच्या आदर्शाच्या जागी परवाचा आदर्श बसवला, तर हातात परत एक ठरलेली बाई येऊन बसेल.

## ८. दागिने सगळ्यात शेवटी

नवख्यांना दागिने काढायला फार आवडतं. मोत्याचे सर, बाजूबंद, कर्णफुलं. शरीर चुकलेलं असेल तर दागिने ती चूक पक्की करतात. आधी अंग पूर्ण करा. मग हार छातीच्या उंचवट्यावरून कसा वळतो, मधे कसा लोंबतो, ते बघून एकाच रेघेत हार काढा. नंतर त्यावर मणी. तुटलेला हात, झिजलेलं नाक तसंच ठेवा, मनानं पूर्ण करू नका. तिथं नेमका तुमच्या हातातल्या बाईला परत शिरायला वाव मिळतो.

## ९. मग घरातली बाई

प्रत्येक तीन मूर्तींनंतर एका खऱ्या बाईचं चित्र. हे टाळू नका. आई, सासू, मावशी, जी तयार होईल ती. तिला आधी सांगा की चित्र कुणाला दाखवणार नाही, आणि ते पाळा. आपल्या घरच्या बायकांना इतकी वर्षं कुणी मन लावून बघितलेलं नसतं, त्यामुळे त्या आधी पदर सावरतात, पोट आत घेतात, हसतात. पहिली दहा मिनिटं जाऊ द्या.

त्रिभंगात उभं राहणं अवघड आहे. दगडातली बाई आठशे वर्षं उभी राहते, घरची बाई दहा मिनिटांत दमते. तिला भिंतीला टेकू द्या, पायांभोवती फरशीवर खडूनं खूण करा, दर दहा मिनिटांनी बसवा, पाणी द्या, मग परत त्याच खुणेवर. माप तसंच घ्यायचं, सुईनं, केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत.

आईचं चित्र मी कडक भाकरी थापताना काढलं होतं. बसलेली, पाय दुमडलेला, भार डाव्या मांडीवर. पोटाच्या वळ्या लुगड्याच्या निऱ्यांवर टेकलेल्या. त्या काढताना माझा हात थांबला नाही. चित्र बघून ती म्हणाली, "उजवा खांदा वर काढलास. माझा उतरलाय की." मी ओळंबा धरला. तिचं बरोबर होतं.